पट्ट्यात अडकलेला हात आणि १८८४ ची पाचवी मागणी

गिरणीतले एकच यंत्र तेवढे थांबवावे, तर मूळ शक्ती थांबत नसे. एका वाफेच्या इंजिनावर छताखालचा लांब दांडा फिरे आणि त्यावरून उतरणारे चामडी पट्टे साच्यांना गती देत. एखाद्याचे धोतर वा बोट पट्ट्यात सापडले, तरी वरचा दांडा फिरतच राही. मागावरचा धोटा उसळला, तर शेजारच्याचा डोळा जाई.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांभोवती कठडा घालण्याची सक्ती केली. शंभरांहून कमी कामगारांचे कारखाने मात्र त्यातून सुटले. शिवाय कठडा नसल्याने हात गेलाच, तर पुढे त्या माणसाने खायचे काय?

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणले. सुमारे ५५०० कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात पाच मागण्या होत्या. रविवारच्या सुट्टीची मागणी आज सर्वांना ठाऊक आहे. १८९० मध्ये ती मान्यही झाली. पाचवी विस्मरणात गेली, आणि खरे तर तीच अधिक धाडसी होती: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय. म्हणजे अपघाताचा खर्च गिरणीच्याच खतावणीत मांडायचा.

लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने गेले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. सुपारीबागेत सही करणारा विशीतला तरुण तोवर साठीला टेकला होता.