पालघर-बोईसरच्या संस्थांचें नवें दफ्तर

इ. स. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं तारापूरचा किल्ला सर केला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. ही हकीकत आज आपणांस ठाऊक आहे ती तत्कालीन पत्रांमुळें. त्या पत्रांस मायना होता, मिती होती, हस्ताक्षर होतें. आणि मुख्य म्हणजे त्यांस जपणारीं दफ्तरें होतीं. त्याच तारापूरच्या परिसरांत गेल्या कांहीं वर्षांत व्यवहाराच्या लेखनाची एक निराळीच जात रूढ झाली आहे. व्यापारी, धर्मादाय संस्था व महाविद्यालयें यांनीं समाजमाध्यमें कोणत्या कारणांनीं स्वीकारलीं व त्यांचा पुरावा कोठें राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

फेसबुक इ. स. २००६ मध्यें सर्वांस खुलें झालें. व्हॉट्सॲप २००९ मध्यें निघालें. हीं साधनें संस्थांनीं आणलेलीं नव्हेत; तीं प्रथम व्यक्तींच्या हातीं आलीं. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदाविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकावर आपलें मत लिहिलें, दुसरीनें त्यास पसंती दर्शविली, आणि दोघींसही अटक झाली. या अटकेमुळें उद्भवलेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६ अ घटनाबाह्य ठरविलें. त्या मजकुराचें स्मरण राहिलें आहे तें वृत्तपत्रांमुळें व न्यायालयाच्या कागदांमुळें, हें येथें ध्यानांत ठेवावें.

संस्थांचीं कारणें निरनिराळीं दिसतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनें, औषधें, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. त्यांचें गिऱ्हाईक बहुधा दुसरा कारखानाच. त्यास चव्हाट्यावरील जाहिरात फारशी लागत नाहीं. बाजारांतील दुकानदाराची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदींत तर किराण्याची यादीसुद्धां व्हॉट्सॲपवर येऊं लागली. त्यानें हें साधन गरजेपोटीं घेतलें.

धर्मादाय संस्थांस दात्याची ओढ होती. कंपनी कायद्याचें कलम १३५ दिनांक १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें, आणि ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्चणें प्राप्त झालें. पाड्यावर झालेलें काम दूरच्या दात्यास दाखवावयाचें तर छायाचित्र तत्काळ धाडणें हा सोपा मार्ग. महाविद्यालयांस वरून सूचना आली. जुलै २०१९ मध्यें केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयानें उच्च शिक्षणसंस्थांस पत्र पाठवून संस्थेचीं खातीं उघडावीं, त्यांसाठीं एक प्रमुख नेमावा व विद्यार्थ्यांचीं खातीं त्यांस जोडावीं, असें सुचविलें. जोडणीची सक्ती नसल्याचा खुलासा मागाहून झाला.

व्यापाऱ्यास गरजेनें, धर्मादाय संस्थेस दात्यानें व महाविद्यालयास सरकारी पत्रानें या वाटेवर आणिलें. परंतु तिघांतही एक गोष्ट समान आहे: संस्थेचा पत्रव्यवहार पुष्कळदां मालकाच्या, कार्यवाहाच्या किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या खाजगी दूरध्वनींत राहतो. हा प्रकार आपणांस नवा नाहीं. नाना फडणिसांचें दफ्तर मेणवलीच्या वाड्यांत राहिलें, आणि तेथूनच तें पारसनिसांसारख्या संशोधकांच्या हातीं आलें. परंतु वाड्यांतला कागद धनी गेल्यावरही उरला. दूरध्वनी बदलला कीं त्यांतील दफ्तर बहुधा त्याबरोबरच जातें. परक्या कंपनीच्या ठेवीवरही भिस्त ठेवतां येत नाहीं. ज्या वर्षीं १ ऑगस्टास पालघर जिल्हा अस्तित्वांत आला, त्याच वर्षीं, म्हणजे २०१४ सालीं, ३० सप्टेंबरास ऑर्कुट बंद झालें.

प्रामाण्याचा प्रश्नही बिकट आहे. पुढें धाडलेल्या संदेशावर तसें दर्शविणारी खूण व्हॉट्सॲपनें जुलै २०१८ पासून लाविली. त्यावरून तो मजकूर नक्कल आहे एवढें कळतें. अस्सल कोणाचें, कोणत्या दिवशींचें, हें कळत नाहीं. मोडी कागदावर मायना फाटला असला तरी अक्षराच्या वळणावरून लेखक ताडतां येतो. येथें तोही आधार नाहीं.

यास्तव सुचवावयाचें तें इतकेंच. प्रत्येक संस्थेनें वर्षाअखेर आपल्या महत्त्वाच्या सूचना, आवाहनें व छायाचित्रें दिनांक आणि धाडणाऱ्याचें नांव यांसह कागदावर छापून बांधून ठेवावीं, आणि एक प्रत ग्रंथालयास द्यावी. संग्राहकांनींही जुन्या पोथ्यांबरोबर या बाडांची विचारपूस करावी. बाजी भिवरावांच्या मृत्यूची वार्ता पावणेतीनशेंहून अधिक वर्षें टिकली. टाळेबंदींत बोईसरच्या कोणत्या दुकानानें कोणास धान्य पोंचविलें, हें तीस वर्षांनीं सांगतां येऊं नये, ही गोष्ट आपल्या पिढीस भूषणावह होणार नाहीं.