जयगड: नाईकांचा किल्ला, खाडीतली फेरी आणि कोळशाची जहाजं... एका छोट्या बंदराची मोठी गोष्ट

गणपतीपुळ्याला गेलेले बरेच पर्यटक देवदर्शन आणि समुद्रकिनारा उरकून माघारी फिरतात. काहीजण पुढे मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक बघतात. पण तसंच उत्तरेला जात राहिलं, की रस्ता संपतो आणि समोर शास्त्री नदीची रुंद खाडी येते. खाडीच्या मुखावरचं हे गाव म्हणजे जयगड.

रत्नागिरी तालुक्यातलं हे गाव ना तालुक्याचं ठिकाण आहे, ना मोठी बाजारपेठ. तरीही चारशे वर्षांहून जास्त काळ विजापूरकर, पोर्तुगीज, आंग्रे, इंग्रज आणि आता उद्योगपती अशा सगळ्यांनाच जयगड हवंसं वाटलं. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी खाडी समजून घ्यायला हवी.

सगळं काही खाडीमुळे

शास्त्री नदी सह्याद्रीत उगम पावते, संगमेश्वरवरून वाहते आणि जयगडला समुद्राला मिळते. जुन्या काळी घाटावरचा माल संगमेश्वरापर्यंत यायचा आणि तिथून होड्यांनी खाडीमार्गे समुद्रात जायचा. म्हणजे ज्याच्या ताब्यात खाडीचं तोंड, त्याच्या ताब्यात हा सगळा व्यापार. शिवाय इथं पाणी खोल आहे आणि जहाजांना आडोसाही मिळतो. त्यामुळेच या मुखाशी किल्ला उभा राहिला. पलीकडच्या काठावर, गुहागर तालुक्यातल्या तवसाळच्या बाजूला, विजयगड हा छोटा जोडकिल्लाही आहे.

दोन सत्तांना पुरून उरलेले नाईक

जयगड बांधला विजापूरच्या आदिलशाहीने. पण सोळाव्या शतकाच्या शेवटी तो संगमेश्वरच्या नाईकांकडे होता. त्यांच्या ताब्यात सात-आठ गावं आणि सुमारे ६०० शिबंदी. एवढ्याशा बळावर त्यांनी समुद्रावर असा दरारा बसवला, की एरवी एकमेकांचे वैरी असलेले विजापूरकर आणि पोर्तुगीज त्यांच्याविरुद्ध एकत्र आले. १५८३ आणि १५८५ अशा दोन मोहिमा त्यांच्यावर काढाव्या लागल्या.

पुढे मराठ्यांच्या काळात, १७१३ साली बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात तह झाला. त्यात आंग्र्यांना जे दहा किल्ले मिळाले, त्यात जयगडही होता. १८१८ च्या जूनमध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा मात्र लढाई झालीच नाही. पेशवाई संपली होती आणि किल्ले एकामागून एक खाली होत होते.

आज किल्ल्यात गणपतीचं मंदिर, विहिरी, खंदक, बुरुज आणि आंग्र्यांचा म्हणून सांगितला जाणारा वाडा दिसतो.

जयबाची आठवण

किल्ल्याच्या नावामागे एक दंतकथा आहे. बांधकाम सुरू असताना बुरुज पुन्हा पुन्हा ढासळायचा. नरबळी दिल्याशिवाय तो उभा राहणार नाही, असं सांगितलं गेलं. तेव्हा जयबा नावाचा महार तरुण स्वतःहून पुढे आला, आणि त्याच्या नावावरून गड झाला जयगड. याला कागदोपत्री आधार नाही. 'स्वतःहून' हा शब्दही बळी घेणाऱ्यांच्या सोयीचा वाटू शकतो. पण किल्ल्याला राजाचं किंवा देवाचं नाही, तर एका दलित तरुणाचं नाव आहे, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, हेही तितकंच खरं.

बोटीचा जमाना ते फेरीबोट

कोकणात रेल्वे आणि धड रस्ते नव्हते तेव्हा मुंबईला जायचं ते बोटीनेच. मुंबई ते गोवा धावणाऱ्या आगबोटी जयगडला थांबायच्या. मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला याच बोटींनी गावी यायचे. रस्ते आणि एसटी आल्यावर बोटी मागे पडल्या, नंतर बंद झाल्या. चाकरमानी मात्र अजून येतात. एरवी कुलूप असलेली घरं गणपतीत उघडतात आणि शिमग्याला पालखी दारात येते.

आता खाडी ओलांडायला जयगड-तवसाळ फेरीबोट आहे. गाडीसकट पलीकडे उतरलं, की हेदवी, वेळणेश्वर, गुहागरचा रस्ता मोकळा. फेरी नसेल तर खाडीला लांबचा वळसा पडतो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत इथं पूलही धरलेला आहे.

मग कोळसा आला

२००९ च्या सुमारास जेएसडब्ल्यू समूहाचं खासगी बंदर सुरू झालं. पाठोपाठ त्याच समूहाचा प्रत्येकी ३०० मेगावॉटच्या चार संचांचा, म्हणजे १,२०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. कारण जुनंच होतं: खोल पाणी. फरक इतकाच, की आता लाकडी गलबतांच्या जागी कोळसा घेऊन येणारी प्रचंड जहाजं आली.

यातून रोजगार आला, पण प्रश्नही आले. हापूसच्या मोहोरावर धूर आणि राखेचा परिणाम होईल, ही बागायतदारांची भीती सुरुवातीपासून होती आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. मच्छीमारांचा प्रश्न वेगळा आहे. मोठ्या जहाजांच्या वाटेत जाळी टाकता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये वायूच्या त्रासामुळे इथल्या शाळकरी मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं, तेव्हा सुरक्षेची चर्चा घराघरात पोचली.

जयगड कुणाचं?

जयगड बंदराचं महत्त्व ठरवणारे बहुतेक वेळा बाहेरचेच होते. गावात राहणाऱ्यांनी, मग ते हिंदू असोत वा मुसलमान, मासेमारी, भातशेती, आंबा-काजू आणि मुंबईची मनीऑर्डर यांवर संसार चालवले. सत्ता बदलत गेल्या, खाडी तीच राहिली.

म्हणून पुढच्या वेळी गणपतीपुळ्याला गेलात, तर तासभर जास्त काढा. किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं, की एका नजरेत खाडी, फेरीबोट, मच्छीमारांच्या होड्या आणि बंदरातली जहाजं दिसतात. जयगडचा सगळा इतिहास तिथं एकाच चौकटीत मावतो.