लिंकची सिफत

उर्दूच्या तासाला मी इस्म आणि सिफत शिकवतो, मराठीच्या तासाला नाम आणि विशेषण. एचटीएमएलमध्ये विशेषणाचे काम ॲट्रिब्यूट करतो. लिंक कुठे नेते हे 'एचरेफ' सांगतो. तिचा स्वभाव बाकीचे ॲट्रिब्यूट सांगतात.

२००४ मध्ये रुबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क आले. त्यात लिंक हाताने लिहावी लागत नाही. टेम्प्लेटमध्ये 'लिंक_टू'ला मजकूर, पत्ता आणि शेवटी हवी ती विशेषणे द्यायची. 'नक्की पुसायचे का?' हा प्रश्नही असाच जोडता येई, पण तो जावास्क्रिप्ट बनून लिंकच्या 'ऑनक्लिक'मध्ये बसे.

मे २००५ मध्ये गुगलने वेब ॲक्सिलरेटर काढला. वाचकाने क्लिक करण्याआधीच तो पानावरच्या लिंक उघडून ठेवायचा, म्हणजे पुढचे पान लवकर दिसेल. 'डिलीट' हीसुद्धा साधी लिंकच होती. बिचाऱ्या यंत्राला जावास्क्रिप्टमधला प्रश्न दिसतच नव्हता. त्याने ती लिंकही उघडली, आणि बेसकॅम्पसारख्या सेवांवर लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. दोष नुसता गुगलचा म्हणता येणार नाही. वाचायला ठेवलेल्या दाराने पुसण्याचे काम करून घेणे, हीच मुळातली चूक होती.

२०१० च्या रेल्स ३ मध्ये हेच काम 'डेटा-कन्फर्म' आणि 'डेटा-मेथड' या ॲट्रिब्यूटांकडे आले. एचटीएमएल ५ ने 'डेटा-' हा उपसर्ग मोकळा करून दिला होता. त्यापुढे कोणीही आपले नाव लावावे. त्याआधी असे घरगुती नाव लावले की तपासणीत पान अशुद्ध ठरे.

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसीत वेगळीच पंचाईत. सी शार्पमध्ये नावातली आडवी रेघ म्हणजे वजाबाकी! म्हणून टेम्प्लेटमध्ये अंडरस्कोर लिहायचा. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून फ्रेमवर्क त्याची रेघ करते. 'क्लास' हा तर राखीव शब्द, त्याच्यापुढे 'ॲट'चे चिन्ह लावावे लागते.

आपल्या कामाची दोन विशेषणे मात्र जुनीच आहेत. 'लँग' आणि 'डिर' १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच आहेत, आणि त्यांच्या नावात रेघही नाही. तरी मराठी पानावर उर्दू लिंक देताना ती लावायची राहून जातात. मग शेवटचे उद्गारचिन्ह उडी मारून वाक्याच्या सुरुवातीला बसते, आणि ऐकून वाचणाऱ्या अंध वाचकाच्या यंत्राला ही उर्दू आहे हे कळत नाही.