उसाच्या बेण्याला उष्ण वाफ का देतात?

कासोद्याच्या साखर कारखान्यामुळे एरंडोल तालुक्याला ऊस नवा नाही. उसाचा एक जुना रोग मात्र लागणीच्या वर्षी अनेकदा लक्षातच येत नाही. खोडवा राखला की बेटातून गवतासारखे बारीक, पांढरट फुटवे निघतात आणि गाळपाला जाईल असा ऊस तिथे होत नाही. याला गवताळ वाढ म्हणतात. भारतात हा रोग पहिल्यांदा १९४९ मध्ये महाराष्ट्रातच, नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला आढळला.

रोगाचं मूळ आहे फायटोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. तो उसाच्या अन्नवाहिन्यांत राहतो, त्यामुळे वरून मारलेली फवारणी त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनही निकामी. टेट्रासायक्लिनने लक्षणं दबतात, पण औषध थांबलं की रोग परत डोकं काढतो. त्यात ऊस टिपऱ्यांपासून लावतात, म्हणजे रोगट बेण्याबरोबर रोगही नव्या शेतात जातो.

इथे उष्णता कामाला येते. बंद यंत्रात बेण्याला ५४ अंश सेल्सिअसची दमट गरम हवा अडीच तास देतात. एवढी उष्णता जिवाणूला सोसत नाही, उसाच्या डोळ्याला जेमतेम सोसते. सगळी मेख या थोड्याशा फरकात आहे. तापमान कमी पडलं तर रोग उरतो, वाढलं तर डोळे मरतात. म्हणून घरच्या पातेल्यात किंवा टाकीत अंदाजाने पाणी तापवून हा प्रयोग करणं म्हणजे बेणं वाया घालवणं. नीट प्रक्रिया केली तरी उगवण थोडी घटतेच, कोवळ्या बेण्यात जास्त.

कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. जावा बेटावर सेरेह रोगाने ऊस उद्ध्वस्त केला होता. तिथे विल्ब्रिंक या संशोधक बाईंनी १९२३ मध्ये बेणं गरम पाण्यात ठेवून रोग आटोक्यात येतो हे दाखवलं.

सगळ्या शेताचं बेणं यंत्रात घालणं परवडत नाही, आणि तशी गरजही नसते. प्रक्रिया केलेलं थोडं बेणं आधी मळ्यात वाढवतात, त्याचं पुढे पायाभूत आणि मग प्रमाणित बेणं होतं. वाफेने आलेलं संरक्षण कायमचं नसतं. तुडतुडे रोग पुन्हा आणू शकतात. त्यामुळे बेणेमळ्यात गवताळ बेट दिसलं की ते मुळासकट उपटून जाळावं लागतं.