फसवा ई-मेल कसा ओळखावा? पत्ता उजवीकडून वाचा

खोट्या ई-मेलवरून पासवर्ड, आधार, पासपोर्ट किंवा बँकेची माहिती काढून घेण्याला ‘फिशिंग’ म्हणतात. हा शब्द गळ टाकून मासा धरण्यावरूनच आला. १९९० च्या दशकात अमेरिकेतील एओएल या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे पासवर्ड असे चोरले जात, तेव्हापासून तो रूढ झाला. आपल्या देशात नॅसकॉम या संस्थेच्या नावाने मेल पाठवून लोकांची माहिती गोळा केली गेली होती. त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली फिशिंगला बेकायदेशीर ठरवले.

हा मामला दिल्ली-मुंबईपुरता राहिलेला नाही. अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर, कुठेही बघा, हजचा फॉर्म, मुलांची स्कॉलरशिप, पॅन, बँकेचे स्टेटमेंट, सगळेच आता मेलला जोडलेले आहे. एका मेलमागे घराची वर्षांची बचत असते.

शिकलेला माणूसही फसतो

पुण्याच्या पूना ऑटो ऍन्सिलरीज या कंपनीचे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनीच्या संचालकांनी एका फिशिंग मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख रुपयांहून जास्त रक्कम गेली. २०१३ मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला, कारण बँकेची तपासणी ढिली होती. मात्र मेलला उत्तर दिल्यामुळे बाकीचा भार तक्रारदारावरच राहिला. म्हणजे न्याय मिळाला तरी तो अर्धाच!

पत्ता उजवीकडून वाचा

उर्दू आपण उजवीकडून वाचतो. मेलचा आणि वेबसाइटचा पत्ताही तसाच तपासावा, असे आम्ही सुचवतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘ॲट’च्या खुणेनंतरचा भाग घ्या. लिंक असेल तर पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या. आता शेवटून मागे वाचत या. केंद्र आणि राज्य सरकारच्या बहुतेक साइट ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतात. हज कमिटी ऑफ इंडिया, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, महाडीबीटी हे तिन्ही तसेच आहेत. ‘हजकमिटी-गव्ह-इन डॉट ऑनलाइन’ असे काही दिसले, तर सुरुवातीला हजकमिटी लिहिलेले असले तरी ते खोटे समजावे. शेवट ‘ऑनलाइन’ आहे, ‘गव्ह डॉट इन’ नाही. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितले होते.

पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता दोन्ही बनावट दाखवता येतात. म्हणून मेलमधली लिंक दाबूच नये. साइटचा पत्ता स्वतः टाईप करून जावे, किंवा पासबुकावरच्या नंबरवर फोन करावा.

आपल्या घरात येणारी आमिषे

हज : “वेटिंग लिस्टमधला आपला नंबर कन्फर्म झाला, आजच पैसे भरा, पासपोर्टची कॉपी पाठवा.” कुर्रा आणि वेटिंगची खरी स्थिती हज कमिटीच्या साइटवर कव्हर नंबर टाकून बघता येते. खासगी टूरवाल्याचे नाव अल्पसंख्याक मंत्रालयाच्या यादीत आहे का, तेही आधी पाहावे.

स्कॉलरशिप : “रक्कम मंजूर झाली, ओटीपी द्या.” ओटीपी हा पैसे घेण्यासाठी नाही, देण्यासाठी लागतो. मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. तिचा नवा अर्ज मागणारा मेल आला, तर वेगळा पुरावा कशाला हवा?

रिफंड : आयकर खाते मेलवर कार्डाचा पिन किंवा पासवर्ड मागत नाही.

नोटीस : पोलीस किंवा सायबर विभागाचा शिक्का मारून “२४ तासांत उत्तर द्या, नाहीतर अटक” असे पीडीएफ येतात. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने असे मेल वेळोवेळी खोटे ठरवले आहेत.

या चारही मेलमध्ये घाई एकसारखी असते. घाई केली की तहकीक राहून जाते. खबरेची तहकीक करावी, हा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहेच.

मेल आयडी नक्की कोणाचा?

पुष्कळ घरांचा मेल आयडी नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात फॉर्म भरताना उघडलेला असतो. पासवर्ड चिठ्ठीवर आणि रिकव्हरी नंबर ऑपरेटरचा. ऑपरेटर प्रामाणिक असला तरी किल्ली दुसऱ्याच्या हातात राहते. आजच सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरी नंबर आपला टाका, पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा.

माहिती गेली तर

१. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ते पैसे पुढे काढले जाण्याआधी बँकेत थांबवता येतात, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

२. बँकेला कळवून खाते, कार्ड बंद करा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणाने माहिती गेली, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

३. मेलचा पासवर्ड सर्वात आधी बदला, कारण बाकीचे पासवर्ड त्यातूनच बदलले जातात. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा.

४. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. मेल डिलीट करू नका, तो पुरावा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी आणि ६६डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

शेवटची गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. लिंक दाबणारा बहुधा मुलगा, सून किंवा म्हातारे अब्बा असतात. ओरडा बसेल म्हणून ते दोन दिवस बोलत नाहीत, आणि तेवढ्यात पैसा हाताबाहेर जातो. म्हणून घरात आधीच सांगून ठेवा : चूक झाली तर रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.