बाबांचा कॅमेरा आणि कानाचं मशीन

मागच्या महिन्यात माळा आवरताना बाबांचा कॅमेरा हाती लागला. कॅनन कॅनोनेट क्यूएल-१७, त्यातही १९७२ साली निघालेलं 'जी-थ्री' मॉडेल. काकांनी मस्कतहून आणलेला. आमच्या लहानपणीचे झाडून सगळे फोटो याच कॅमेऱ्याचे, आणि म्हणूनच बाबा त्यातल्या एकाही फोटोत नाहीत! शटर खटकन पडलं, भिंगही स्वच्छ. पण व्ह्यूफाइंडरमधली सुई मात्र ढिम्म.

सेल टाकला की झालं, असं वाटलं. घड्याळवाल्याकडे ६२५ नंबरचा अल्कलाइन सेल मिळाला, बरोब्बर बसला, सुई टुणकन उठली. खुशीत घरी आलो आणि सहज म्हणून डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून पाहिलं, तर जवळजवळ एका स्टॉपचा फरक. बाबांच्या कॅमेऱ्याला अंगणात होता त्याच्या दुप्पट उजेड दिसत होता. म्हणजे तो भिंगाचं तोंड बारीक करणार आणि फोटो काळपट येणार.

मग आलं कुतूहल, आणि तिथून पुढे रात्रीची जागरणं...

गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. १९३२ साली अमेरिकेत वेस्टनचा फोटोग्राफरांसाठीचा प्रकाशमापक आला. त्यात सेलेनियम होतं. सेलेनियमच्या पत्र्यावर उजेड पडला की तो स्वतःच किंचित वीज तयार करतो आणि तेवढ्यावर सुई हलते. सेल नको, काही नको. (ऑलिंपस ट्रिप ३५ ज्यांच्या घरी असेल त्यांनी काढून बघा, त्यातला मीटर कदाचित आजही चालेल.) अडचण एकच, संधिप्रकाशात किंवा घरात ही वीज फारच कमी पडते. म्हणून साठच्या दशकात कॅडमियम सल्फाइड आलं. ते अंधुक उजेडातही तरतरीत, पण स्वतः वीज करत नाही. उजेड वाढला की त्याचा विरोध कमी होतो, इतकंच. वीज बाहेरून, म्हणजे सेलमधून द्यावी लागते.

खरी मेख इथे आहे. सुई किती हलणार हे उजेडावरही अवलंबून आणि सेलच्या व्होल्टेजवरही. सेल उतरत गेला तर भर दुपारीही कॅमेऱ्याला दिवेलागण झाल्यासारखं वाटणार. त्यामुळे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच व्होल्टेज देणारा सेल हवा होता. आणि तो आयता तयार होता.

तो केला होता सॅम्युएल रुबेन या अमेरिकन संशोधकाने, दुसऱ्या महायुद्धात. नेहमीचे जस्त-कार्बनचे सेल उष्ण प्रदेशात गोदामातच खराब होत, आणि सैन्याच्या वायरलेस संचांना भरवशाचे सेल हवे होते. रुबेनने जस्त आणि पाऱ्याचं ऑक्साइड वापरलं. हा सेल १.३५ व्होल्ट देतो आणि संपेपर्यंत १.३५च देत राहतो. मग एकदम मान टाकतो. मॅलरी कंपनीने तो बनवला. हीच कंपनी पुढे ड्युरासेल झाली.

इतका सरळमार्गी सेल मिळाल्यावर बऱ्याच कॅमेरावाल्यांनी व्होल्टेज सांभाळणारं सर्किट घातलंच नाही. कशाला खर्च? पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या (१९६४) इंजिनियरांनी ब्रिज सर्किट घातलं, म्हणून तो कॅमेरा आज १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेलही चालवून घेतो. मला विचाराल तर ते खरे दूरदर्शी. बाबांच्या कॅमेऱ्यात तसं काही नाही. त्याने सगळा भरवसा पाऱ्यावर टाकलेला.

आणि पारा म्हणजे विषच. जपानमधल्या मिनामाताचा आजार १९५६ साली उघडकीला आला. तो एका रसायन कारखान्याच्या सांडपाण्यातून, बॅटऱ्यांचा त्यात संबंध नव्हता. पण पाण्यात गेलेला पारा माशांमधून माणसात येतो हे जगाला तिथे कळलं. अशा पाऱ्याचे बटणाएवढे सेल लोक खुशाल कचऱ्यात टाकत होते. अमेरिकेने १९९६ साली कायदा करून त्यांची विक्री थांबवली, पाठोपाठ युरोपनेही. २०१३ साली तर पाऱ्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करारच मिनामाताच्या नावाने झाला, आणि २०१८ साली भारतानेही तो मान्य केला. योग्यच झालं. बाबांच्या कॅमेऱ्यासाठी मी याविरुद्ध रडणार नाही.

पण एक गंमत राहिलीच. पाऱ्याच्या सेलचं दुसरं मोठं गिऱ्हाईक होतं कानाचं मशीन. त्यांनाही तोच सेल, तीच गरज. कॅमेरे नवे आले, लोक जुने विसरले; ऐकू न येणाऱ्यांना मात्र विसरता येणार नव्हतं. त्यांच्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस झिंक-एअर सेल निघाले, जे हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतात. व्होल्टेज साधारण १.४, आणि तेही जवळजवळ सपाट! दोष एकच. वरचा स्टिकर काढला की हवा आत शिरते आणि वापरा न वापरा, काही आठवड्यांत सेल संपतो. दिवसभर चालणाऱ्या मशीनला ते चालतं, कपाटातल्या कॅमेऱ्याला परवडत नाही.

हे वाचत असताना समोर बाबा बसलेले. वय ८४. त्यांच्या कानामागच्या मशीनच्या सेलची पाकिटं टीव्हीखालच्या खणात. बघितलं तर निळा स्टिकर, नंबर ६७५. व्यास ११.६ मिलिमीटर, आणि ६२५ चा साधारण १६. मधल्या फटीला नळाचा रबरी वॉशर कापून बसवला. स्टिकर सोलला, हवा शिरायला दोन-तीन मिनिटं थांबलो आणि झाकण लावलं. सुई उठली, आणि या वेळी हिशेब जुळला.

कॅमेरा बाबांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने डोळ्याला लावला, खिडकीकडे वळवला, सुई किती वेळ नुसती बघत बसले. मी म्हटलं, "बाबा, रोल टाकू का? पण हा सेल महिना-दीड महिनाच टिकेल हं." त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"ऐकलं रे," ते म्हणाले. "पण कानातला सेल काढून घातलास की काय?"

छत्तीसचा रोल आहे, बावीस झालेत. त्यातले नऊ मी काढलेले, बाबांचे.