रेंजफाइंडर कॅमेऱ्याचं अलाइनमेंट: बिघाड कसा ओळखायचा?

दोन वर्षांपूर्वी मी एक जुना रेंजफाइंडर फिल्म कॅमेरा घेतला आणि ३६ फोटोंचा पहिलाच रोल आजीच्या पंच्याहत्तरीला वापरला. रोल धुऊन आला तेव्हा आजी धूसर, तिच्या मागे उभी असलेली आत्या एकदम शार्प! कॅमेऱ्यातून बघताना तर सगळं बरोबर दिसत होतं. मग असं का झालं?

फोकस कसा होतो?

फोन लेन्समधून आलेला प्रकाशच तपासून फोकस करतो. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही. कॅमेऱ्यावर थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतली चित्रं व्ह्यूफाइंडरच्या मधल्या छोट्या भागात एकावर एक दिसतात. लेन्सची रिंग फिरवली की आतली दांडी आरसा किंवा प्रिझम हलवते. चित्रं जुळली की फोकस झाला असं समजायचं.

पण धक्क्याने हे भाग किंचित सरकले तर? व्ह्यूफाइंडर 'ओके' म्हणतो आणि फिल्मवर फोकस चुकतो. आमच्या भाषेत, टेस्ट पास, प्रॉडक्शन फेल.

बिघाडाचे प्रकार

- आडवा फरक: फोकस चुकतो. सगळ्यात त्रासदायक हाच.
- उभा फरक: एक चित्र थोडं वर दिसतं. फोकस सहसा चुकत नाही, पण जुळवणं अवघड होतं.
- फिकं चित्र: आतल्या अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा गेलेला असतो किंवा काचांवर धूळ बसलेली असते.

घरी कसं तपासाल?

१. लेन्स इन्फिनिटीवर ठेवा आणि किलोमीटरभर लांबचा टॉवर बघा. चित्रं जुळायला हवीत.

२. फिल्मच्या जागेपासून टेपने १ मीटर मोजून तिथे पुस्तक ठेवा. चित्रं जुळवा आणि लेन्सवरचा आकडा बघा.

३. खात्रीसाठी, फिल्म नसताना मागचं झाकण उघडा. फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर सपाट चिकटवा, अपर्चर पूर्ण उघडा, शटर 'बी'वर धरून ठेवा आणि कागदावरचं चित्र भिंगाने बघा. पुस्तक तिथेही शार्प दिसायला हवं.

माझ्या कॅमेऱ्यात इन्फिनिटी बरोबर होतं, जवळचं चुकत होतं.

स्क्रू फिरवू का?

शाळेतलं y = mx + c आठवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत एक ॲडजस्टमेंट c बदलते, दुसरी m. जवळचं जुळवायला फक्त c फिरवलं की लांबचं बिघडतं. दोन्ही आलटून पालटून जुळवावं लागतं. म्हणून मी ते काम मेकॅनिककडे दिलं.

टिकतात किती?

१९५४ साली आलेल्या लायका एम३ ला बॅटरी लागत नाही आणि त्यातले कित्येक कॅमेरे आजही चालतात. पण धातूची बॉडी टिकली म्हणून आतलं सगळं टिकतं असं नाही. ग्रीस सुकतं, झाकणाजवळचा फोम चिकट होतो, दमट हवेत लेन्सवर बुरशी येते. कापडी शटर असेल तर लेन्स उन्हाकडे उघडी ठेवू नका, कापडाला भोक पडू शकतं. पावसाळ्यात कॅमेरा लेदर केसमध्ये न ठेवता सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

जुना कॅमेरा घेतलात तर आधी एक रोल फक्त तपासणीसाठी काढा. दुरुस्तीनंतर मी आजीचे छान फोटो काढले. पण पंच्याहत्तरीचे ते ३६ फोटो गेले ते गेलेच.